प्रा. मधू दंडवते : वर्गातून तुरुंगापर्यंत

पोर्तुगालवर दीर्घकाळ हुकूमशाही गाजविणारा आन्तोनियो सालाझार हा मूळचा प्राध्यापक. कोइंब्रा विद्यापीठात तो अर्थशास्त्र शिकवीत असे. १९२८ मध्ये तो अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आणून त्याने विरोधी पक्ष, मुक्त वृत्तपत्रे आणि स्वतंत्र कामगार संघटना यांना मूठमाती दिली. गोवा, दमण आणि दीव हे भाग याच राजवटीच्या टाचेखाली होते. १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध निःशस्त्र सत्याग्रह करण्यासाठी भारतातून जे हजारो लोक गोव्याच्या सीमेकडे निघाले, त्यांच्यात मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा एकतीस वर्षांचा तरुण होता. एका प्राध्यापकाच्या सत्तेला दुसऱ्या प्राध्यापकाने आव्हान द्यावे, हा योगायोगच म्हणायचा. या दुसऱ्या प्राध्यापकाचे नाव मधू दंडवते.

आजच्या वाचकाला दंडवते आठवतात ते रेल्वेमंत्री म्हणून, फार तर कोकण रेल्वेच्या संदर्भात. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा कणा दुसराच आहे. परकी हुकूमशाही आणि स्वदेशी आणीबाणी या दोहोंच्या विरोधात प्रत्यक्ष उभे राहून त्याची किंमत मोजणारे जे थोडे अध्यापक महाराष्ट्रात झाले, त्यांत दंडवते यांचे स्थान अग्रभागी आहे.

सिद्धार्थचे दिवस

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. नगर हे अच्युतराव पटवर्धनांचे गाव. त्या काळच्या तेथील तरुणांवर समाजवादी विचारांचा प्रभाव पडणे स्वाभाविक होते. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात दंडवते सहभागी झाले तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी पदार्थविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतली आणि सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन सुरू केले.

सिद्धार्थ महाविद्यालय हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये स्थापन केले. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्यांना, ज्यांच्या घराण्यात आधी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते अशा मुलांना, हे महाविद्यालय आपले वाटे. अशा वर्गासमोर अणुविज्ञान शिकवायचे तर ते सोपे करून सांगण्याची कला अंगी असावी लागते. दंडवते पुढे या महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. संसदेतल्या त्यांच्या भाषणांत आकडेवारी मुबलक असे, पण ती ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जात नसे. मुद्दा मांडायचा, आधार द्यायचा, मग निष्कर्ष. मध्येच एखादा विनोद. ही सारी पद्धत फळ्यासमोरची आहे, हे त्यांची भाषणे वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

त्या पिढीतील समाजवादी कार्यकर्त्यांत प्राध्यापकांचा भरणा मोठा होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे ग. प्र. प्रधान हे त्यांतील ठळक नाव. या मंडळींना नोकरी आणि चळवळ अशी विभागणी करावीशी वाटली नाही. त्याची आर्थिक झळ त्यांच्या घरांना किती बसली, हा मात्र कोणी फारसा न लिहिलेला विषय आहे.

गोव्याची सीमा

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीचे स्वरूप शेजारच्या महाराष्ट्रातील लोकांनाही पुरते ठाऊक नव्हते. ब्रिटिश भारतात सभा घेता येत होती, वृत्तपत्र काढता येत होते, खटला चालला तर वकील देता येत होता. सालाझारच्या गोव्यात छापील मजकुराला आधी परवानगी लागे आणि सभाबंदी हा नित्याचा नियम होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे हा सभाबंदीचा नियम मोडला, तेथून गोव्यातील सविनय कायदेभंगाला तोंड फुटले. गोमंतकीय नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात डांबण्यात आले. भारत स्वतंत्र झाल्यावरही सालाझारने गोवा सोडण्यास साफ नकार दिला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडील प्रांत आहे, असे त्याचे म्हणणे होते.

१९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या जात राहिल्या. पद्धत ठरलेली होती. सत्याग्रहींनी तिरंगा घेऊन, घोषणा देत सीमा ओलांडायची. पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी, बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपून काढायचे. सामान्य सत्याग्रहींना अर्धमेल्या अवस्थेत परत सीमेबाहेर आणून टाकायचे आणि नेत्यांवर लष्करी न्यायालयात खटले भरायचे. मधू लिमये यांना अशाच खटल्यात बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी दीड वर्षाहून अधिक काळ त्यांनी गोव्याच्या तुरुंगात काढला.

दंडवते यांनीही तुकडीसह सीमा ओलांडली आणि पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला. अंगाला जबर इजा झाली. प्रतिकाराचा विचार मनात न आणता मार सोसायचा ही शिस्त कागदावर सोपी वाटते. एरवी खडू हातात धरणाऱ्या माणसाने ती पाळून दाखविली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला सामुदायिक सत्याग्रहाच्या दिवशी पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रहास मनाई केली. पंडित नेहरूंच्या या निर्णयाने समाजवादी कार्यकर्ते कमालीचे दुखावले होते. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने.

येथे एक भौगोलिक तपशील नोंदविण्याजोगा आहे. ज्या बांदा, सावंतवाडी भागातून सत्याग्रही गोव्याकडे जात, तो भाग पुढे राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. बॅरिस्टर नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये अकाली निधन झाल्यावर त्या मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे दंडवते उभे राहिले आणि निवडून आले. त्यापूर्वी काही काळ ते विधान परिषदेचे सदस्य होते. राजापूरने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठविले. गोव्याच्या सीमेवरच्या गावांतून सत्याग्रहींना ज्यांनी भाकरी बांधून दिल्या, त्यांतले पुष्कळजण आता दंडवते यांचे मतदार होते.

बंगळूरची सकाळ

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी घटनेच्या ३५२ व्या कलमाखाली अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव आणीबाणी जाहीर केली. त्या दिवशी दंडवते बंगळूर येथे होते. पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदेच्या संयुक्त समितीची बैठक तेथे व्हायची होती. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही त्यासाठी आलेले होते. २६ जूनच्या सकाळी या चौघांना आमदार निवासातून अटक करून बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात नेण्यात आले. पक्षांतर कसे रोखावे याचा विचार करण्यासाठी संसदेनेच पाठविलेल्या सदस्यांना राज्यसंस्थेसच धोका ठरवून आत टाकावे, यातली विसंगती त्या वेळी कोणाला छापताही आली नाही, कारण वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले होते.

अटक झाली ती अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘मिसा’खाली. या कायद्यात आणीबाणी सुरू होताच वटहुकमाने बदल करण्यात आला आणि स्थानबद्ध माणसाला अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही उरले नाही. शाह आयोगाने नंतर दिलेल्या आकड्यांनुसार आणीबाणीच्या काळात ३४,९८८ जणांना मिसाखाली आणि ७५,८१८ जणांना भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली.

आणीबाणीला हुकूमशाही म्हणावे काय, हा वाद अजूनही चालतो. तिच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की, सारे काही घटनेच्या चौकटीत झाले; राष्ट्रपतींची सही होती, संसदेने मान्यता दिली. हे खरेच आहे. परंतु संसदेने ही मान्यता जुलै १९७५ च्या अधिवेशनात दिली तेव्हा विरोधी बाकांवरचे अनेक सदस्य तुरुंगात होते. सालाझारचीही घटना होती, तेथेही निवडणुका होत. लिखित घटना असणे आणि नागरिकाला दाद मागता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दंडवते यांना गोव्याच्या अनुभवातून माहीत होते. बंगळूरच्या तुरुंगात बसून त्यांनी आपल्या सोबत्यांसह नेमकी हीच परीक्षा करून पाहिली. त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला.

देहोपस्थितीचा अर्ज म्हणजे अटकेतील व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करा आणि अटक कायदेशीर आहे हे दाखवा, अशी मागणी. सरकारचे म्हणणे होते की, आणीबाणीत मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित असल्यामुळे असा अर्जच करता येत नाही. कर्नाटकसह नऊ उच्च न्यायालयांनी हा पवित्रा अमान्य केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद मागता येणार नाही काय? आपल्या युक्तिवादाप्रमाणे नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. विरोधी मत एकट्या खन्नांचे होते. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

तुरुंगाबाहेर येण्याचा कायदेशीर मार्ग त्या दिवशी बंद झाला. सुटका कधी होणार, होणार की नाही, हे दंडवते यांना किंवा देशभरातील हजारो स्थानबद्धांना सांगणारे कोणी नव्हते. शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाला तेवढाही दिलासा नसतो.

येरवडा ते बंगळूर

दंडवते बंगळूरमध्ये असताना त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. त्याही समाजवादी चळवळीतल्या, मुंबईतील महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबरीने लाटणे हाती घेतलेल्या. दोघांनाही जवळपास दीड वर्ष स्थानबद्धतेत काढावे लागले. मधल्या काळात दंडवते, अडवाणी आणि मिश्र यांना हरियाणातील रोहतकच्या तुरुंगात हलविण्यात आले आणि पुन्हा बंगळूरला आणण्यात आले. अशा स्थितीत पती-पत्नीला एकमेकांशी बोलण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे पत्रांचा.

एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जाणारे पत्र दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाते. राजकारण लिहिण्याची सोय नसते. मग माणसे पुस्तकांविषयी, प्रकृतीविषयी, संगीताविषयी लिहितात आणि वाचणाऱ्याला त्यातले न लिहिलेले कळते. या दांपत्याचा असा पत्रव्यवहार आणीबाणीच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहिला आहे. आपल्याकडे तुरुंगातील राजकीय लेखन म्हटले की आत्मकथने डोळ्यांपुढे येतात, परंतु नवरा एका तुरुंगात आणि बायको दुसऱ्या तुरुंगात अशा स्थितीतला संसार त्यांत सहसा सापडत नाही.

बंगळूरच्या तुरुंगातील एका आठवणीने मात्र दंडवते यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. कन्नड रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना मे १९७६ मध्ये अटक करून याच तुरुंगात ठेवण्यात आले होते. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. बडोदा डायनामाइट प्रकरणाशी त्यांचे नाव जोडण्यात आले, पण अंतिम आरोपपत्रात ते नव्हते. तरीही सुटका झाली नाही. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणारा विव्हळण्याचा आवाज आपल्या कोठडीपर्यंत ऐकू येई, असे दंडवते यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. जानेवारी १९७७ मध्ये, प्रकृती हाताबाहेर गेल्यावर, त्यांना पॅरोलवर सोडले. २० जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. निवडणुकांची घोषणा त्याच्या दोनच दिवस आधी झाली होती.

महाराष्ट्रातील विद्वज्जन त्या काळात काय करीत होते, हे पाहिले तर चित्र संमिश्र दिसते. बहुतेकांनी मौन पत्करले. काहींनी अनुशासनपर्वाचे गोडवे गायिले. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात मात्र अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, स्थानबद्धतेत प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी उपस्थितांना उभे राहून प्रार्थना करावयास लावले. लोकसाहित्य आणि बौद्ध वाङ्मय हे दुर्गाबाईंचे अभ्यासक्षेत्र. त्या कोणत्याही पक्षाच्या नव्हत्या. पुढील वर्षी त्यांनाही अटक झाली. ग. प्र. प्रधान येरवड्यात होते. दंडवते यांच्यासारख्या पक्षीय माणसाला तुरुंगवास अपेक्षित असतो, त्यामुळे त्याचे आपल्याला विशेष वाटत नाही. तो वाटायला हवा.

सत्तेत आल्यावर

मार्च १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्ष विजयी झाला आणि २१ मार्च रोजी आणीबाणी उठविण्यात आली. मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले. ज्याला सत्तेने तुरुंगात घातले तो स्वतः सत्तेत आल्यावर काय करतो, हा कुतूहलाचा विषय असतो. दंडवते यांनी हाती घेतलेले एक महत्त्वाचे काम म्हणजे १९७४ च्या मे महिन्यातील ऐतिहासिक रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेणे. दुसरे काम अगदी साधे, पण कोट्यवधी लोकांच्या पाठीला कळलेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच जाडीच्या गाद्या बसविण्यास सुरुवात केली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली.

ते ज्या सरकारात होते त्याच सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती आणली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ हा शब्दप्रयोग आला. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारे २१ वे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. बंगळूरच्या चौघांनी न्यायालयाकडे जे मागितले होते आणि जे नाकारले गेले, ते संसदेने दिले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा १९७६ चा निर्णय स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला तो थेट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. त्या निकालपत्राचे प्रमुख लेखक न्या. धनंजय चंद्रचूड, १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते.

जनता पक्षाचे सरकार १९७९ मध्ये कोसळले. त्या पक्षाच्या अंतर्गत भांडणांबद्दल लिहावे तेवढे थोडे, आणि तुरुंगात एकत्र राहिलेली माणसे सत्तेत एकत्र का राहू शकली नाहीत या प्रश्नाचे उत्तर दंडवते यांच्या चरित्रातही मिळत नाही. प्रमिलाताई १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि हुंडाविरोधी कायद्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. दंडवते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची. १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने मात्र त्यांना नाकारले. नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद त्यांनी दोन वेळा सांभाळले.

मार्क्स आणि गांधी यांच्या विचारांची तुलना करणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे, आणि युसूफ मेहेरअली यांच्यावरही त्यांनी लिहिले. उत्तरायुष्यात सभांना जाताना ते प्राध्यापक हे बिरुद आवर्जून लावीत नसत, परंतु लोकांनी ते सोडले नाही. कोकणात त्यांचा उल्लेख ‘प्रा. मधू दंडवते’ असाच होत राहिला.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. देहदानाच्या इच्छेनुसार त्यांचे पार्थिव वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी जे. जे. रुग्णालयाकडे सोपविण्यात आले. बंगळूरचा तो मध्यवर्ती तुरुंग आता तुरुंग राहिलेला नाही. त्या जागी ‘फ्रीडम पार्क’ नावाचे सार्वजनिक उद्यान झाले असून शहरातील मोर्चे आणि धरणी तेथे होतात.